सुशी खाताना माशाआधी घड्याळ बघा

सुशीबद्दल मला जे प्रश्न विचारले जातात ते बहुतेक माशाचे असतात. कच्चा असतो का, त्यात किडे असतात का, पोट बिघडतं का. भाताबद्दल कोणीच विचारत नाही. नाशिक समुद्रापासून दूर आहे, आणि एप्रिल-मेमध्ये इथे पारा चाळिशीला टेकतो. अशा गावात सुशी खायची तर मासा किती थंडीतून आला आणि भात किती वेळ बाहेर होता, हे दोन प्रश्न मला सगळ्यांत आधीचे वाटतात. चव, किंमत, फोटो हे सगळं नंतर.

आधी ताटात काय येतं ते पाहू. सुशीचा कणा भात आहे. आखूड दाण्याचा, चिकट तांदूळ शिजवून त्यात तांदळाचं व्हिनेगर, साखर आणि मीठ मिसळतात आणि तो कोमट होऊ देतात. त्या भाताच्या लहान मुटक्यावर माशाचा काप ठेवला की झाली निगिरी. भात आणि आतलं सारण नोरीत, म्हणजे समुद्री शेवाळाच्या वाळवलेल्या पातळ पानात गुंडाळून कापलं की माकी, ज्याला आपण रोल म्हणतो. भाताशिवाय नुसते कच्च्या माशाचे काप म्हणजे साशिमी.

सुशीत मासा असलाच पाहिजे असं नाही, आणि असला तर तो कच्चाच हवा असंही नाही. काकडीचा रोल, गोडसर ऑम्लेटची सुशी, उकडलेली कोळंबी, भाजलेली ईल (सापासारखा लांबट मासा) हे जपानमध्येही रोजचं खाणं आहे. कॅलिफोर्निया रोलमधला खेकडाही बहुतेक वेळा खेकडा नसतो. पांढऱ्या माशाच्या गराला खेकड्याची चव आणि रंग देऊन शिजवलेल्या त्या कांड्या असतात. कॉलेज रोड, गंगापूर रोडच्या बाजूला हॉटेलांच्या मेनूवर सुशी दिसते तिथेही एवोकॅडो, काकडी, क्रीम चीज, पनीर, तळलेली कोळंबी असले रोल भरपूर असतात. कच्च्या माशाच्या धास्तीने जे सुशीपासून लांब राहतात, त्यांच्यासाठी ही माहिती महत्त्वाची आहे. त्यांना नको असलेली गोष्ट त्या ताटात अनेकदा नसतेच.

किड्यांची भीती कुठे खरी आहे

घरातली मोठी माणसं "पोटात किडे होतील" म्हणतात ते उगाच नाही. समुद्रातल्या माशांत ॲनिसाकिस नावाचा गोलकृमी सापडतो. त्याचं खरं घर म्हणजे व्हेल, डॉल्फिन, सील यांचं पोट. त्यांच्या विष्ठेतून अंडी पाण्यात पडतात. त्यातून निघालेल्या अळ्यांना कोळंबीसारखे बारके जीव खातात, त्या जीवांना मासे आणि माकूल खातात, आणि अळी माशाच्या पोटात, कधी मांसात, वेटोळं करून बसते. या साखळीत माणसाला जागा नाही. आपल्या पोटात गेलेली अळी वाढू शकत नाही, पण मरण्याआधी ती जठराच्या अस्तरात घुसायला बघते. खाल्ल्यानंतर काही तासांत पोटात जोराची कळ येते, मळमळतं, उलट्या होतात. डॉक्टर एंडोस्कोपी करून अळी चिमट्याने काढतात आणि बहुधा दुखणं लगेच थांबतं. काहींच्या अंगावर पित्त उठतं, क्वचित ॲलर्जीची तीव्र प्रतिक्रियाही येते. जपानमधल्या अन्नविषबाधेच्या सरकारी नोंदींत ॲनिसाकिसच्या घटना अलीकडच्या वर्षांत अगदी वरच्या क्रमांकावर असतात, कारण तिथे न गोठवलेला ताजा मासा मोठ्या आवडीने कच्चा खातात.

पॅसिफिक महासागरातल्या जंगली सॅमन माशांमध्ये पट्टकृमीच्याही अळ्या असतात. हा कृमी मात्र माणसाच्या आतड्यात मजेत राहतो, कित्येक मीटर लांब वाढतो आणि काही रुग्णांत बी-१२ जीवनसत्त्व स्वतःच फस्त करतो. औषधाने तो जातो, पण आतड्यात असताना अनेकांना त्याचा पत्ताही नसतो.

या दोन्हींवर उपाय आहे, आणि तो फार जुना किंवा गुंतागुंतीचा नाही: कडक थंडी. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाच्या नियमाप्रमाणे कच्चा खायचा मासा उणे २० अंश सेल्सिअस किंवा त्याखाली ७ दिवस ठेवायचा, नाहीतर उणे ३५ अंशांवर घट्ट गोठवून तिथेच १५ तास ठेवायचा. युरोपच्या नियमात उणे २० अंशांवर निदान २४ तास किंवा उणे ३५ वर १५ तास अशी अट आहे. यात कृमी मरतात. आपल्या घरचा फ्रीझर फार तर उणे १८ च्या आसपास असतो, दार सारखं उघडझाक होतं, वीज जाते. त्यामुळे "मी आठवडाभर फ्रीझरमध्ये ठेवला होता" या वाक्यावर भरवसा ठेवता येत नाही.

इथे मासेखाऊ माणसाला आपली एक पक्की सवय बाजूला ठेवावी लागते. बाजारात आपण कल्ले लाल आहेत का, डोळे पाणीदार आहेत का, बोट दाबल्यावर मांस वर येतं का हे बघतो, आणि कालवणासाठी ते अगदी योग्य आहे. पण मासा कच्चा खायचा असेल तर त्या सकाळी पकडलेल्या माशापेक्षा नीट गोठवलेला मासा कृमींच्या बाबतीत सुरक्षित असतो. हॉटेलवाला "आमचा मासा एकदम फ्रेश आहे, फ्रोझन नाही" असं अभिमानाने सांगत असेल तर मी ती निगिरी घेणार नाही. याला मोठा अपवाद आहे तो मत्स्यशेतीत वाढवलेल्या सॅमनचा. नॉर्वेत समुद्रातल्या जाळ्यांत वाढवलेल्या सॅमनला कोरड्या गोळ्यांचं खाद्य मिळतं, जिवंत मासे किंवा कोळंबी नाही. कृमीची साखळी तिथेच तुटते. म्हणून युरोपात ठरावीक अटी पाळून वाढवलेल्या अशा माशाला गोठवण्याच्या नियमातून सूट आहे. जपानी लोक पूर्वी सॅमन कच्चा खात नसत, किड्यांमुळेच. १९८० च्या दशकात नॉर्वेने जपानमध्ये सॅमन विकण्याची मोठी मोहीम चालवली आणि हळूहळू तो सुशीच्या दुकानात आला. आज जगभर सुशी म्हटलं की तोच नारिंगी काप डोळ्यांपुढे येतो, पण सुशीच्या इतिहासात तो अगदी अलीकडचा पाहुणा आहे.

लिंबू पिळल्याने, व्हिनेगरमध्ये मुरवल्याने किंवा वसाबी, म्हणजे सुशीसोबत येणारी हिरवी झणझणीत चटणी, चोपडल्याने ॲनिसाकिस मरत नाही. जपानमध्ये व्हिनेगरमध्ये मुरवलेला बांगड्याच्या जातीचा मासा हे या आजाराचं ओळखीचं कारण आहे. आणि नाशिकमध्ये हेही सांगायला हवं: सोबत वाइन घेतली म्हणून पोटातले जंतू किंवा कृमी मरत नाहीत.

बाजारातला मासा आणून घरी सुशी करू नका

या लेखातलं हे एकच वाचलंत तरी चालेल. व्हिडिओ बघून घरी सुशी करण्याची हौस वाढली आहे. चटई मिळते, नोरी मिळते, व्हिनेगर ऑनलाइन येतं. मग मासा बाजारातून आणू, असा विचार सहज मनात येतो. नाशिकच्या बाजारात धरणांचा आणि नदीचा मासा भरपूर येतो: रोहू, कटला, मरळ. गोड्या पाण्यातला कोणताही मासा कच्चा खाऊ नका. गोठवूनही नको, लिंबात मुरवूनही नको.

कारण गोड्या पाण्यातले कृमी ॲनिसाकिससारखे दोन दिवस त्रास देऊन जाणारे नसतात. थायलंड आणि लाओसमध्ये नदीचा कच्चा मासा खाण्याची जुनी पद्धत आहे. तिथे यकृतातल्या पित्तनलिकांत राहणारा चपटा कृमी लोकांच्या शरीरात वर्षानुवर्षं राहतो आणि त्यातून पित्तनलिकेचा कर्करोग होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने हा कृमी आणि चीन-कोरियाकडचा त्याचा भाऊबंद, दोघांनाही कर्करोग निश्चितपणे घडवणाऱ्या कारणांच्या यादीत टाकलं आहे. मरळीच्या जातीच्या माशांत आणखी एक कृमी असतो, ग्नॅथोस्टोमा. त्याची अळी माणसाच्या कातडीखाली फिरत राहते, जागोजागी सूज येते, आणि क्वचित ती डोळ्यात किंवा मेंदूत पोचते. एका रविवारच्या हौसेसाठी हा धोका घ्यायचं काही कारण नाही.

मुंबईहून बर्फात आलेला समुद्राचा मासाही कच्चा खाण्यासाठी आणलेला नसतो. सुरमई, पापलेट, बांगडा पकडताना, उतरवताना, बाजारात मांडताना सगळे धरून चालतात की तो तळला जाणार आहे किंवा रश्श्यात उकळणार आहे. ज्या सुरीने कोंबडी कापली तीच माशावर फिरते, बर्फ कुठल्या पाण्याचा आहे कोणाला माहीत नसतं. शिजवताना हे सगळं निभावून जातं. कच्च्या माशाला ती शेवटची पायरी नसते. पाकिटावर "सुशी ग्रेड" लिहिलेलं असलं तरी त्या शब्दांना अमेरिकेतसुद्धा कायदेशीर व्याख्या नाही. कच्चा खाण्याजोगा म्हणून गोठवून आणलेला मासा आहे का आणि तो किती तापमानात ठेवला होता, हे विक्रेत्याला लेखी सांगता आलं पाहिजे.

थंडी मध्येच तुटली तर

गोठवल्याने कृमी मरतात, जंतू मरत नाहीत. ते नुसते थांबतात आणि मासा वितळला की पुन्हा कामाला लागतात. याचा ठळक पुरावा आपल्या देशाशी जोडलेला आहे. २०१२ साली अमेरिकेत सॅल्मोनेला नावाच्या जंतूची मोठी साथ आली. ४२५ लोक आजारी पडल्याची नोंद झाली. तपास करत गेल्यावर धागा भारतातून गेलेल्या, गोठवलेल्या कच्च्या ट्यूनाच्या खरवडीपर्यंत पोचला. काट्याला चिकटलेलं मांस खरवडून ते सुशीच्या रोलमध्ये भरण्यासाठी विकलं जात होतं. कीस किंवा खिमा केलेल्या माशात जंतू सगळीकडे मिसळतात, अखंड तुकड्यात ते मुख्यतः पृष्ठभागावर असतात. म्हणून "स्पायसी ट्यूना" सारख्या बारीक वाटलेल्या, मेयोनीज घातलेल्या कच्च्या सारणापेक्षा अखंड काप मला जास्त विश्वासार्ह वाटतो. वाटलेल्या सारणात काय गेलं ते दिसत नाही, आणि तिखट मेयोनीजखाली वासही लपतो.

पिंपळगाव, दिंडोरी, ओझरच्या द्राक्ष बागाईतदारांना शीतसाखळी समजावून सांगावी लागत नाही. माल तोडला की लगेच प्री-कूलिंग, मग शून्याच्या आसपास कोल्ड स्टोरेज, मग रीफर, म्हणजे आतून थंड ठेवलेला, कंटेनर. मध्ये कुठे पेट्या उन्हात राहिल्या तर युरोपात उतरेपर्यंत देठ वाळतात, मणी मऊ पडतात, आणि नंतर कितीही थंड केलं तरी गेलेला जोर परत येत नाही. सुशीच्या माशाचं गणित अगदी हेच आहे. फरक एवढाच की खराब झालेला मणी डोळ्यांना दिसतो. जंतू वाढलेला माशाचा काप मात्र तसाच चकचकीत दिसू शकतो, आणि सुरुवातीला त्याला वासही येत नाही. परदेशातून निघालेला मासा मुंबईत उतरतो, कसारा घाट चढून इथे येतो, हॉटेलच्या फ्रीझरमध्ये जातो, वितळतो, कापला जातो. या प्रत्येक टप्प्यावर कोणीतरी तापमान सांभाळलेलं असावं लागतं. विजेचा खेळखंडोबा असलेल्या दिवसात जनरेटर नसलेल्या हॉटेलात कच्चा मासा न मागवणं शहाणपणाचं.

समुद्राच्या माशासोबत येणारा आणखी एक जंतू म्हणजे व्हिब्रिओ पॅराहिमोलिटिकस. १९५० साली ओसाकात बारक्या वाळवलेल्या मासळीतून विषबाधा झाली, २७२ जण आजारी पडले आणि २० दगावले. त्या तपासात हा जंतू पहिल्यांदा सापडला. उबेत तो फार झपाट्याने वाढतो, म्हणून उन्हाळा हा त्याचा हंगाम.

ट्यूना, बांगडा, तारली अशा माशांचा एक वेगळा त्रास आहे. ते उबेत राहिले तर जंतू त्यांच्या मांसात हिस्टामिन तयार करतात. खाल्ल्यावर काही मिनिटांत किंवा तासा-दोन तासांत चेहरा लाल होतो, अंगाला खाज सुटते, डोकं दुखतं, छातीत धडधडतं. लोकांना वाटतं माशाची ॲलर्जी झाली. हिस्टामिन गोठवल्याने जात नाही, आणि शिजवल्यानेही जात नाही. कालवणाचा बांगडा खाऊन असं झालेली माणसं आपल्या आसपास असतील, फक्त त्यांना कारण कळलेलं नसतं.

आता भात

तांदळावर बॅसिलस सिरियस नावाच्या जंतूचे बीजाणू असतात. भात शिजला तरी ते मरत नाहीत. शिजवलेला भात उबेत पडून राहिला की ते जागे होतात, वाढतात, आणि काही प्रकार असं विष तयार करतात की जे पुन्हा गरम केल्यानेही नष्ट होत नाही. रात्रभर ओट्यावर राहिलेल्या भाताला सकाळी फोडणी दिली तरी ते विष तसंच राहतं. हे घरच्या भातालाही लागू आहे, आणि उन्हाळ्यात तर फारच.

सुशीचा भात तासन्‌तास बाहेर ठेवलेला असतो, कारण फ्रिजमध्ये ठेवला तर तो कडक, खडबडीत होतो आणि सुशी बिघडते. मग जपानी लोक आजारी का पडत नाहीत? व्हिनेगरमुळे. भात पुरेसा आंबट केला, म्हणजे त्याचा पीएच (आंबटपणाचं माप, आकडा जितका कमी तितका आंबटपणा जास्त) ४.६ च्या खाली आणला, की हे जंतू वाढू शकत नाहीत. जाणकार स्वयंपाकघरात तो ४.२ च्या आसपास ठेवतात आणि मोजूनही बघतात. सुशीची मुळंच आंबटपणात आहेत. फार पूर्वी आग्नेय आशियात आणि जपानमध्ये खारवलेला मासा भातात दाबून महिनोन्‌महिने आंबवत, तो टिकावा म्हणून. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला एदो, म्हणजे आजच्या टोकियोत, आंबवण्याऐवजी व्हिनेगर घातलेल्या भातावर मासा ठेवून हातगाडीवर झटपट विकायला सुरुवात झाली. आज आपण खातो ती निगिरी तिथली.

म्हणून मला काळजी वाटते ती व्हिनेगर कमी केलेल्या सुशीची. आपल्या जिभेला आंबट भात विचित्र लागतो, गिऱ्हाईक तक्रार करतं, मग स्वयंपाकी व्हिनेगर कमी आणि साखर जास्त करतो. चव सौम्य होते आणि भाताचं संरक्षण निघून जातं. सुशीचा भात खाताना स्पष्ट आंबटसर लागला पाहिजे. तो नुसता गोड किंवा सपक लागला आणि सकाळचा असल्याची शंका आली, तर ताट परत करायला संकोच करू नका.

एका घासात दोन विरुद्ध गरजा असतात: भाताला कोमटपणा हवा, माशाला थंडी. सुशीवाला समोर बनवून देतो आणि आपण लगेच खातो तेव्हा हे जमतं. घरपोच मागवतो तेव्हा जमत नाही. मे महिन्यात दुपारी गंगापूर रोडवरून इंदिरानगरला दुचाकीच्या पेटीत आलेली सुशी म्हणजे कोमट झालेला मासा आणि गारठा-ऊब खाल्लेला भात. नाशवंत पदार्थ बाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नयेत, आणि हवा ३२ अंशांच्या वर असेल तर एका तासापेक्षा जास्त नको, असा अमेरिकेच्या कृषी खात्याचा साधा नियम आहे. नाशिकचा उन्हाळा म्हणजे बहुतेक दिवस एक तासवालाच. त्यामुळे कच्च्या माशाची सुशी घरी मागवू नये, हॉटेलात बसून खावी, आणि उरलेली डब्यात भरून आणू नये, असं माझं ठाम मत आहे. भाज्यांचे रोल मागवलेत तरी आले की खाऊन टाका, रात्रीसाठी ठेवू नका.

ती पौष्टिक आहे का

सॅमनचे काप खरोखर चांगले आहेत. शंभर ग्रॅममध्ये साधारण वीस ग्रॅम प्रथिनं, सोबत ड जीवनसत्त्व, बी-१२, आणि ईपीए-डीएचए ही ओमेगा-३ स्निग्धाम्लं, जी हृदयासाठी आणि गर्भातल्या बाळाच्या मेंदूसाठी उपयोगी असतात. अमेरिकन हार्ट असोसिएशन आठवड्यातून दोनदा मासे खायला सांगते. पण एका निगिरीवर माशाचा काप केवढासा असतो! खाली भातच जास्त. आठ तुकड्यांच्या एका रोलमध्ये जवळजवळ वाटीभर पांढरा भात दाबून बसवलेला असतो, त्यात साखर. दोन रोल खाल्ले म्हणजे दोन वाट्या भात खाल्ला, तो मात्र पोटाला कळत नाही. मधुमेह असलेल्यांनी हे मोजूनच घ्यावं. साशिमी किंवा मोजक्या निगिरी त्यांना बऱ्या, पण साखर आटोक्यात नसेल तर जंतुसंसर्गाचा धोकाही वाढतो, म्हणून तेव्हा कच्चा मासा नको, शिजवलेल्या माशाची सुशीच घ्यावी.

काकडीचा साधा रोल आणि तळलेल्या कोळंबीचा, वर मेयोनीज आणि गोड सॉसच्या रेघा ओढलेला रोल, यांना एकाच नावाने ओळखतात हे लोकांच्या फसगतीचं मूळ आहे. दुसऱ्या प्रकारचा एक रोल सहज पाचशे कॅलरींच्या घरात जातो. आणि सोया सॉस. एका टेबलस्पूनमध्ये जवळजवळ नऊशे मिलिग्रॅम सोडियम असतं, आणि जागतिक आरोग्य संघटना दिवसभरात दोन हजारांच्या आत राहायला सांगते. लोणचं, पापड, फरसाण आपल्या ताटात आधीच आहेत. रक्तदाब असेल तर सॉसची वाटी भरू नका, माशाची बाजू जरा टेकवा, भात बुडवू नका. भात सॉस शोषून घेतो.

जपान्यांचं दीर्घायुष्य सुशीने येत नाही. ते रोज सुशी खात नाहीत. त्यांच्या घरी रोज साधा भात, मिसोचं (आंबवलेल्या सोयाबीनच्या वाटणाचं) सार, भाज्या, टोफू म्हणजे सोयाबीनचं पनीर, भाजलेला मासा असतो, ताटल्या लहान असतात. आणि त्यांच्याही जेवणात मीठ जास्तच आहे, ते कमी करा असं त्यांचं सरकार त्यांना सांगत असतं. ओमेगा-३ साठीच खायचं असेल तर बांगडा आणि तारली यांच्या कालवणात ते भरपूर आहे, सॅमनच्या कितीतरी कमी पैशांत, आणि किड्यांच्या भीतीशिवाय. हे मला मनापासून सांगावंसं वाटतं, कारण महागडा मासा म्हणजे जास्त पौष्टिक हा समज आपल्याकडे पसरतो आहे.

पाऱ्याचं थोडक्यात. १९५६ साली जपानमधल्या मिनामाता गावात एका विचित्र मज्जाविकाराची अधिकृत नोंद झाली. कारखान्याने खाडीत सोडलेला पारा माशांतून माणसांत गेला होता. आजच्या माशांत तेवढा पारा नसतो, पण मोठे, दीर्घायुषी, दुसऱ्या माशांवर जगणारे मासे शरीरात तो साठवत जातात. बिगआय ट्यूना आणि तलवार मासा त्यातले. सॅमन, कोळंबी, तारली यांच्यात तो कमी. महिन्यातून एखाद्या वेळी सुशी खाणाऱ्या निरोगी माणसाने याची चिंता करायची गरज नाही.

कोणी खाऊ नये

माझी भाची गरोदर असताना तिने विचारलं होतं, "मावशी, एकच तुकडा खाल्ला तर?" मी नाही म्हटलं. लिस्टेरिया नावाचा जंतू फ्रिजच्या थंडीतही वाढतो, आणि गरोदर बाईला तो होण्याची शक्यता इतरांच्या दहापट असते. तिला नुसता ताप येऊन जातो, पण गर्भपात होऊ शकतो किंवा बाळाला गंभीर संसर्ग होऊ शकतो. शिजवलेल्या कोळंबीची, ऑम्लेटची, भाज्यांची ताजी सुशी तिने खुशाल खावी. पाच वर्षांखालची मुलं, म्हातारी माणसं, केमोथेरपी चालू असलेले, अवयव बदललेले, यकृताचा जुना आजार असलेले, यांनीही कच्चा मासा टाळावा. यकृत बिघडलेल्या माणसाला कच्च्या शिंपल्यांतला व्हिब्रिओचा एक प्रकार जिवावर बेतू शकतो.

शाकाहारी मंडळींनी वेगळी चौकशी करायला हवी. व्हेज रोल त्याच सुरीने, त्याच पाटावर, त्याच चटईत होतो का? भोपळा किंवा टोफू शिजवताना वाळवलेल्या माशाचा अर्क घातला आहे का? जपानी स्वयंपाकात तो अगदी सर्रास असतो. मेयोनीजमध्ये अंडं असतं, वर भुरभुरलेले नारिंगी कण बऱ्याचदा माशाची अंडी असतात, मिरिन या जपानी स्वयंपाकातल्या गोड द्रवात मद्य असतं. गव्हाची ॲलर्जी असेल तर साध्या सोया सॉसमध्येही गहू असतो. चांगलं हॉटेल या प्रश्नांनी वैतागत नाही.

घरी करायचीच असेल तर भाज्यांची करा, आणि आपल्याकडे त्यासाठी उत्तम तांदूळ आहे. इगतपुरीकडचा इंद्रायणी पुरेसा चिकट होतो. दोन वाट्या तांदूळ शिजवून गरम असतानाच त्यात पाव वाटीहून थोडं जास्त तांदळाचं व्हिनेगर, दोन चमचे साखर आणि एक लहान चमचा मीठ विरघळवून कालवा, परातीत पसरून वारा घाला. काकडी, गाजर, कैरीची फोड, पनीर, उकडलेली कोळंबी, काहीही भरा. त्याच बैठकीत संपवा.

आणि खाऊन त्रास झालाच तर. काही तासांत पोटात असह्य कळ आली तर "ॲसिडिटी असेल" म्हणून गोळी घेऊन बसू नका. डॉक्टरांना कच्चा समुद्री मासा खाल्ला आहे, कधी खाल्ला, हे आधी सांगा, कारण विचारल्याशिवाय इथल्या डॉक्टरांच्या मनात ॲनिसाकिस लगेच येणार नाही. जुलाब-उलट्यांत ओआरएस सुरू करा. शौचातून रक्त, मोठा ताप, चक्कर, ओठ-घसा सुजणं, श्वास लागणं यांपैकी काही असेल तर थेट दवाखाना. बिल जपून ठेवा, त्यावर हॉटेलचा चौदा अंकी एफएसएसएआय (केंद्राचं अन्नसुरक्षा प्राधिकरण) परवाना क्रमांक असतो. तो घेऊन अन्न व औषध प्रशासनाच्या नाशिक कार्यालयात तक्रार करता येते, म्हणजे त्याच भाताचं पुढचं ताट दुसऱ्या कोणाच्या पुढ्यात जायच्या आत तपासणी होऊ शकते.